कपाळावरचा शिक्का, कपाळामागचा मेंदू

नगरहून पाथर्डीकडे जाताना करंजीचा घाट मागे पडला की तिसगाव येतं. तिथून मढी फार लांब नाही. मढीला गडावर कानिफनाथांची समाधी आहे आणि होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत तिथे भटक्या जमातींची मोठी यात्रा भरते. गोपाळ समाजाच्या मानाची होळी पेटते, गाढवांचा बाजार भरतो, नवस फेडले जातात. वैदू, कैकाडी, बेलदार, कोल्हाटी अशी वर्षभर पांगलेली माणसं इथे एकमेकांना भेटतात. त्यांच्या जातपंचायती इथेच बसत, सोयरिकी इथेच जुळत. मढीला भटक्यांची पंढरी म्हणतात ते त्यामुळे.

यात्रा संपते, पालं उठतात, आणि मागे एक वाक्य उरतं. या पट्ट्यातल्या कुठल्याही गावात घरफोडी झाली, विहिरीवरची मोटार उचलली गेली, गोठ्यातून शेळ्या गेल्या, की पारावर कुणीतरी ते बोलतंच: "त्यांच्या रक्तातच असतं ते." बोलणारा माणूस दुष्ट असतो असं नाही. दोनदा मोटार चोरीला गेल्याने मेटाकुटीला आलेला तो एक साधा शेतकरी असतो. पण आपण जे सहज बोलून गेलो तो एके काळी या देशाचा कायदा होता, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

१८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. त्यामागचा युक्तिवाद सरळ होता. हिंदुस्थानात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर. तेव्हा चोराचा मुलगा चोर होणार, त्यात नवल काय? आधी उत्तरेत लागू झालेला हा कायदा १९११ च्या नव्या रूपात मुंबई इलाख्यातही आला. जमातीच्या जमाती नोंदवहीत चढल्या. नाव नोंदलेल्या माणसाने ठरल्या वेळी हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर परवाना घ्यायचा. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली. १८९७ च्या दुरुस्तीने तर चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून सुधारवसाहतीत ठेवण्याची सोय करून दिली. म्हणजे ज्यांनी गुन्हा रक्तात असतो असं ठरवलं, त्यांनाच मुलाला घरापासून तोडलं तर ते सुधारेल असंही वाटत होतं. या विसंगतीचा त्यांना त्रास झाल्याचं कुठे दिसत नाही.

हा कायदा देशभरात रद्द झाला तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी. १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांसाठी वेगळा कायदा केला. कागदावर जमातीच्या जागी व्यक्ती आली, नजर मात्र तीच राहिली. तुरुंगांच्या नियमावल्यांत या कायद्यातून सुटलेल्या, म्हणजे विमुक्त, जमातींकडे जन्मजात सराईत म्हणून पाहणाऱ्या तरतुदी इतक्या मुरलेल्या होत्या, की त्या काढून टाकण्यासाठी पत्रकार सुकन्या शांता यांना सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. त्या तरतुदी घटनाबाह्य ठरवणारा निकाल आला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी.

हा इतिहास आता उगाळण्याचं कारण निराळं आहे. गेल्या तीसेक वर्षांत समाजविघातक वर्तनाचा मेंदूशी असलेला संबंध बराच उलगडला आहे. मेंदूची चित्रं काढता येतात, जनुकं वाचता येतात. त्यामुळे पारावरचं वाक्य नव्या पोशाखात परत येण्याचा धोका आहे: "त्यांच्या मेंदूतच असतं ते." या धोक्याच्या भीतीने अनेक पुरोगामी मित्र मेंदूचा विषयच नको म्हणतात. गुन्हा गरिबीतून होतो, अन्यायातून होतो, एवढं त्यांना पुरतं. उलट बाजूच्या लोकांना वाटतं, मेंदूचं नाव काढणं म्हणजे गुन्हेगाराला पळवाट काढून देणं. माझ्या मते दोघांनीही हे शास्त्र अर्धंच वाचलं आहे. ते नीट वाचलं तर कुणाच्याही कपाळावर शिक्का मारायला त्यात आधार सापडत नाही, आणि कुणाला सहज सुटून जायलाही. त्यात जे सापडतं ते एक वेळापत्रक आहे: माणूस बिघडू नये म्हणून समाजाने कोणत्या वयात, कुठे, काय करायला हवं होतं याचं.

आधी मेंदूकडे बघू. कपाळाच्या मागे जो भाग असतो त्याला प्रीफ्रंटल कॉर्टेक्स म्हणतात. पुढचा विचार करणं, ऊर्मी आवरणं, थांबणं ही त्याची कामं. मेंदूच्या खोलात अमिग्डाला नावाचा छोटा भाग आहे. धोका ओळखणं, भीती आणि राग जागवणं हे त्याचं काम. अमिग्डाला बैल धरला तर कपाळामागचा भाग म्हणजे कासरा धरणारा हात. बैल अती बुजरा झाला किंवा हात दुबळा राहिला, तर गाडी वाट सोडते. आणि काही थोड्या माणसांत बैल बुजतच नाही: समोरच्याच्या चेहऱ्यावरची भीती त्यांना जाणवत नाही, शिक्षेची धास्ती वाटत नाही. थंड डोक्याने क्रौर्य करणारे यातले. म्हणजे 'गुन्हेगाराचा मेंदू' असा एक साचा नाही. रागाच्या भरात कुऱ्हाड उचलणारा आणि महिनाभर पाळत ठेवून फसवणारा, या दोघांच्या डोक्यात वेगवेगळ्या गोष्टी घडत असतात.

या विषयात फिनिअस गेजचं उदाहरण सगळेच देतात. अमेरिकेत व्हर्माँटमध्ये १८४८ साली सुरुंगाची दारू ठासताना स्फोट झाला आणि लोखंडी पहार या मुकादमाच्या गालातून शिरून कवटीच्या माथ्यातून बाहेर गेली. तो जगला, पण सालस, जबाबदार माणूस शिवराळ आणि लहरी झाला. मेंदू बिघडला की माणूस बिघडतो, हे सांगायला ही गोष्ट इथे थांबवली जाते. तिचा पुढचा भाग कमी लोक सांगतात. गेजने नंतर चिलीमध्ये अनेक वर्षं घोड्यांची प्रवासी गाडी हाकली. वेळेवर उठायचं, घोडी जुंपायची, उतारूंशी बोलायचं, ठरलेल्या वाटेने न्यायचं. अशी शिस्तीची, रोजची, माणसांत राहून करायची नोकरी तो टिकवू शकला. मेंदूचं नुकसान भरून आलं नव्हतं, पण भोवतालाने त्याला सावरून धरलं होतं. मेंदू आणि परिस्थिती यांचं नातं समजून घ्यायला मला हा दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो.

जनुकांच्या बाबतीतही तसंच आहे. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या हजारभर मुलांचा अभ्यास अजून चालू आहे. अवशलोम कास्पी, टेरी मॉफिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली त्यातल्या मुलग्यांची माहिती तपासली. एमएओए नावाच्या जनुकाचा एक मंद प्रकार असतो. मेंदूतली काही रसायनं निकामी करण्याचं काम तो सावकाश करतो. हा प्रकार दुर्मीळ नाही, कितीतरी भल्या माणसांत तो असतो. नुसत्या या जनुकाने मुलगे हिंसक झाले नव्हते. पण ज्यांच्यात तो होता आणि ज्यांना लहानपणी घरात मारहाण, छळ सोसावा लागला होता, ते गटातल्या मुलग्यांपैकी १२ टक्के असूनही हिंसक गुन्ह्यांतल्या ४४ टक्के शिक्षा त्यांच्या नावावर होत्या. पुढच्या अभ्यासांत हा निष्कर्ष काही ठिकाणी टिकला, काही ठिकाणी फिका पडला. त्यामुळे आकडे ब्रह्मवाक्य मानू नयेत. पण 'रक्तात असतं' या समजुतीला त्याने जो धक्का दिला तो कायम आहे. जनुक होतं, पण ते पेटलं घरातल्या मारामुळे.

भोवताल म्हणजे शाळा, गल्ली आणि संगत असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात भोवताल आईच्या पोटातच सुरू होतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, जर्मनांनी नाकेबंदी केल्याने पश्चिम नेदरलंड्समध्ये लोक ट्यूलिपचे कंद खाऊन जगले. त्या काळात पोटात असलेली मुलं अठरा-एकोणीस वर्षांची झाल्यावर लष्करभरतीसाठी तपासली गेली. त्या नोंदींवरून रिचर्ड न्यूगेबाउर आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवून दिलं, की गर्भारपणाच्या पहिल्या सहा महिन्यांत आईची तीव्र उपासमार झाली असेल तर मुलग्यांमध्ये समाजविघातक व्यक्तिमत्त्व-विकाराचा धोका सुमारे अडीच पट होता. ते लोक कुठल्या गुन्हेगार जमातीचे नव्हते. सुखवस्तू, शिकलेल्या देशातली ती मुलं होती. एका हिवाळ्यात त्यांच्या आयांच्या ताटात अन्न नव्हतं, एवढंच.

आपल्याकडचा पुरावा पुण्याजवळ आहे. के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातल्या सहा खेड्यांत गर्भवतींचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. त्यात गुन्ह्याचा विषय नाही, हे आधीच सांगतो. पण दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. गरोदरपणात ज्या बायकांना अंगमेहनतीचं काम जास्त पडलं त्यांची बाळं लहान चणीची निघाली. आणि ज्या आयांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व फार कमी होतं त्यांची मुलं नऊ वर्षांची झाल्यावर लक्ष टिकवण्याच्या आणि आकडे उलट्या क्रमाने आठवून सांगण्याच्या चाचण्यांत मागे पडली. लक्ष टिकवणं आणि मनात गोष्ट धरून ठेवणं ही कपाळामागच्या भागाचीच कामं. हाच भाग पुढे राग आवरतो.

आता पाथर्डी तालुक्यात परत येऊ. हा दुष्काळी टापू, बीड जिल्ह्याला लागून. दसरा-दिवाळीच्या सुमाराला इथल्या वाड्यावस्त्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि उन्हाळ्यात परततात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत थांबता येत नाही, खाडा पडला तर पैसे कापले जातात. पोटुशी बाईसुद्धा पहाटेच्या अंधारात फडात उतरते. नवरा तोडतो, ती पाचट काढते, मोळी बांधते आणि तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढते. बाळंतपण फडाच्या कडेला किंवा कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, उरकल्याच्या हकिगती जुन्या नाहीत. बाळ झोळीत, झोळीला झोका द्यायला सात-आठ वर्षांची बहीण, तिची शाळा गावाला राहिलेली. आई फडातून परतते, चूल पेटवते, भाकरी थापते. बाळाकडे बघून बोलायला, हसायला तिच्या अंगात त्राण कुठून असणार? बाप दिवसभराच्या शिणावर देशी उतारा घेतो, आणि उचलीच्या हिशेबावरून रात्री आवाज चढतात.

अशा धास्तीत लेकराच्या शरीरात कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक वारंवार उसळत राहतं. एखाद-दुसऱ्या प्रसंगाने काही बिघडत नाही. ताण येणं-जाणं हा वाढीचाच भाग आहे. पण तो महिनोन् महिने टिकला आणि जवळ घेऊन शांत करणारं मोठं माणूस नसलं, तर अमिग्डाला सतत जागा राहायला शिकतो आणि कपाळामागच्या भागाची घडण मागे पडते. पुढे शाळेत हेच मूल 'एका जागी बसत नाही', 'लगेच अंगावर धावून जातं' म्हणून मागच्या बाकावर जातं, आणि काही दिवसांनी शाळेबाहेर. शेजारच्या पोराने नुसता धक्का लागून पुस्तक पाडलं तरी त्याला तो हल्ला वाटतो. त्याच्या मेंदूने कोपीत जे शिकलं त्याप्रमाणे ते वागत असतं. तिथे ते शहाणपणच होतं.

इथे एक गैरसमज लगेच खोडायला हवा. ऊसतोड्यांची मुलं गुन्हेगार होतात असं मी म्हणत नाही. तसं म्हणणं म्हणजे १८७१ चा कायदा नव्याने लिहिणं. लाखो मुलं या हालांतून वाढली, शिकली, शिक्षक झाली, फौजदार झाली, आणि बहुसंख्य तर आयुष्यात कुणाची काडी न उचलता कष्ट करत राहिली. धोका वाढतो याचा अर्थ नशीब ठरतं असा होत नाही. आणि गरिबीला गुन्ह्याची जननी ठरवणाऱ्यांना पुण्याचं जोशी-अभ्यंकर हत्याकांड आठवायला हवं. १९७६-७७ मध्ये दहा खून करणारी ती मुलं अभिनव कला महाविद्यालयात शिकत होती. नोव्हेंबर १९८३ मध्ये चौघांना येरवड्यात फाशी झाली. अलीकडचं आणि घरातलं उदाहरण हवं तर नगर अर्बन बँकेचं घ्या. शंभर वर्षांहून जुन्या या बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ४ ऑक्टोबर २०२३ रोजी रद्द केला, कर्जवाटपातल्या गैरव्यवहाराचे गुन्हे नोंदवले गेले, ठेवीदार रस्त्यावर आले. विहिरीवरच्या मोटारीपेक्षा हा डल्ला कितीतरी मोठा. पण तेव्हा पारावर कुणी म्हणालं नाही की 'यांच्या रक्तातच असतं ते.' रक्ताचा विषय फक्त पालात राहणाऱ्यांच्या बाबतीत निघतो.

आणि हे निघणारं वाक्य स्वतःच एक भोवताल आहे, हा मला या सगळ्यातला सर्वांत दुर्लक्षित मुद्दा वाटतो. आपण शिक्का मारतो आणि मग शिक्का बरोबर होता असं म्हणतो. मधल्या काळात शिक्क्याने काय केलं ते पाहत नाही. रात्री-अपरात्री पोलिसांची गाडी पालाशी थांबते, बापाला उचलून नेते, मूल ते बघतं. वर्गात काही हरवलं की दप्तर पहिलं त्याचं तपासलं जातं. मेंदूच्या भाषेत याचा अर्थ उघड आहे: गणवेशातला माणूस, मोठा आवाज, दारावरची थाप या सगळ्यांना धोका म्हणून नोंदवून ठेवलेला अमिग्डाला. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' हे आत्मकथन १९८७ साली आलं, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यात मुलांना खिसे कापायला आणि पोलिसांचा मार सोसून तोंड न उघडायला कसं शिकवलं जाई याची वर्णनं आहेत. ती वाचताना अंगावर काटा येतो, पण शांतपणे विचार केला तर त्यातच जन्मजात गुन्हेगारीच्या सिद्धांताचा निकाल लागतो. जे रक्तात असतं ते मारून-मुटकून शिकवावं लागत नाही. आणि त्याच वस्तीतल्या ज्या मुलाला शाळा आणि पुढे सूतगिरणीत काम मिळालं, तो कामगारांचा कार्यकर्ता आणि लेखक झाला.

वयाचा प्रश्नही मेंदूशिवाय सुटत नाही. कपाळामागचा भाग पूर्ण परिपक्व व्हायला विशीची मधली वर्षं उजाडतात. टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये मांडलेला भेद आज बहुतेक अभ्यासक मानतात: किशोरवयात नियम मोडणारे बहुसंख्य पुढे आपोआप सरळ होतात, लहानपणापासून सुरू होऊन आयुष्यभर टिकणारं विघातक वर्तन थोड्यांचं असतं, आणि त्यांच्यात लहानपणची मेंदूची दुर्बळता आणि घरचे हाल दोन्ही एकत्र आढळतात. आपल्या न्यायव्यवस्थेला मात्र वय मोजायलाच कधी कधी अर्धं आयुष्य लागतं. १९९४ साली पुण्यात एका घरात सात जणांची हत्या झाली. त्या खटल्यात फाशी सुनावलेला एक कैदी गुन्ह्याच्या वेळी अवघा साडेबारा वर्षांचा होता, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं मार्च २०२३ मध्ये. तोवर त्याने अठ्ठावीस वर्षं तुरुंगात काढली होती.

मेंदूचा वापर पुरावा म्हणून करण्याच्या घाईचाही अनुभव महाराष्ट्राने घेतला आहे. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात आरोपीच्या मेंदूतल्या विद्युतलहरींची चाचणी दोषसिद्धीसाठी विचारात घेतली. डोक्याला तारा लावून, वाक्यं ऐकवून, घटना आरोपीने 'अनुभवली' आहे का हे ठरवणारी ही चाचणी. जगभरचे मेंदूतज्ज्ञ त्यावर चकित झाले, कारण या पद्धतीची कसोटी शास्त्राच्या खुल्या मैदानात लागलेलीच नव्हती. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात नार्को, लाय डिटेक्टर आणि मेंदूलहरींच्या सक्तीच्या चाचण्या घटनाबाह्य ठरवल्या. हजार मेंदूंची सरासरी हजार माणसांविषयी काही सांगू शकते. समोर उभ्या असलेल्या एका माणसाने काय केलं किंवा उद्या काय करील, हे ती सांगू शकत नाही.

इतकं म्हटल्यावर ज्याचं घर लुटलं गेलं त्याने विचारायचा प्रश्न उरतोच: मग आमचं काय? २००१ च्या जानेवारीत पाथर्डी तालुक्यातल्याच कोठेवाडीत दरोडेखोरांनी रात्री वस्तीत शिरून लूट केली आणि स्त्रियांवर सामूहिक अत्याचार केले. त्या बायकांसमोर उभं राहून आरोपींच्या बालपणाची कहाणी सांगण्याचं धाडस मी करणार नाही, आणि ते योग्यही होणार नाही. कारण समजावून सांगणं म्हणजे माफ करणं नव्हे. ज्याच्या हातून असं कृत्य घडलं त्याला समाजापासून दूर ठेवावंच लागेल, आणि आपल्या कृत्याचं उत्तर त्याने द्यायलाच हवं. पण शिक्षा झाल्यावरही एक हिशेब शिल्लक राहतो. तुरुंग कालच्या गुन्ह्याचा बंदोबस्त करतो. पुढच्या वीस वर्षांनी कुठल्या तरी वस्तीवर चालून जाणारा माणूस आज तीन वर्षांचा आहे. त्याच्यापर्यंत तुरुंग पोचत नाही, अंगणवाडी पोचू शकते.

ती पोचल्याने फरक पडतो का? मॉरिशसमध्ये एका प्रकल्पात तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दोन वर्षं चांगला आहार, व्यायाम आणि खेळत शिकवणारी बालवाडी दिली गेली. एड्रियन रेन आणि सहकाऱ्यांनी २००३ साली त्यांचे निष्कर्ष मांडले. तेवीस वर्षांची झाल्यावर या मुलांनी स्वतः कबूल केलेले गुन्हे इतरांच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशाने कमी होते. आणि सर्वांत जास्त फायदा झाला तो तिसऱ्या वर्षी कुपोषित असलेल्या मुलांना. अमेरिकेत एल्मायरा गावी परिचारिका गरीब गरोदर मुलींच्या घरी जात, बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत आईला धीर देत, शिकवत. पंधरा वर्षांनी त्या मुलांच्या अटकांचं प्रमाण कमी आढळलं. कुणाच्याही मेंदूचं चित्र काढावं लागलं नाही, कुणाचं जनुक तपासावं लागलं नाही. कोणतं मूल धोक्यात आहे हे हुडकून त्याला वेगळं काढण्याची गरजच नव्हती. सगळ्यांना दिलं की ज्यांना हवं असतं त्यांना ते मिळतं. निवड करायला गेलं की शिक्का आला, हे १८९७ पासून आपल्याला माहीत असायला हवं.

यातलं काहीही आपल्याला परकं नाही. अंगणवाडी १९७५ पासून आहे. नगर जिल्ह्यातल्याच अकोले तालुक्याच्या आदिवासी पट्ट्यात गरोदर बाईला रोज गरम जेवण देणारी अमृत आहार योजना आहे. पाथर्डीची ऊसतोड करणारी गरोदर बाई त्या नकाशात बसत नाही. साखरशाळा आल्या, नंतर हंगामी वसतिगृहं आली. पण ती शाळेच्या वयाच्या मुलांसाठी, आणि मेंदूचं सर्वांत नाजूक काम त्याआधीच होऊन गेलेलं असतं. ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ आहे, स्थलांतरित मातांचा आणि बालकांचा माग ठेवणारी डिजिटल यंत्रणाही राज्याने आणली. प्रश्न एवढाच, की ज्या गरोदर बाईचं नाव तिसगाव भागातल्या अंगणवाडीत आहे तिला नोव्हेंबर ते एप्रिल दीडशे-दोनशे किलोमीटरवरच्या फडात अंडं, लोहाच्या गोळ्या आणि बसायला सावली कुणी द्यायची? गावची अंगणवाडीताई म्हणते ती इथे नाही; फडाजवळची म्हणते ती आमची नाही; कारखाना म्हणतो ती मुकादमाची माणसं.

मुकादमाला मात्र ती कुठे आहे हे नेमकं ठाऊक असतं. त्याने उचल दिलेली असते, म्हणून त्याच्या वहीत प्रत्येक कोयत्याची नोंद असते. कुणी पळालं तर तो दोन जिल्हे ओलांडून माणूस शोधून आणतो. आणि आपलं राज्ययंत्रही नोंदी ठेवण्यात कच्चं नाही. खेड्यांत टेलिफोन नसलेल्या काळात त्याने जमातीच्या जमातींची हजेरी घेऊन दाखवली होती, प्रत्येक फिरत्या माणसाचा परवाना तपासला होता. ज्यावर पैसा लागला आहे किंवा ज्याची भीती वाटते त्याची यादी आपण पक्की ठेवतो. लेकराच्या मेंदूवर समाजाचा पैसा लागलेला नाही असं आपण समजतो, म्हणून त्याची यादी कच्ची राहते. तो खर्च आपण नंतर करतोच, पोलीस ठाण्यात, न्यायालयात, तुरुंगात, आणि ज्यांची घरं लुटली गेली त्यांच्या आयुष्यात. गळीत हंगाम दरवर्षी ठरलेल्या वेळी सुरू होतो. कोणत्या वाडीतून किती गरोदर बायका आणि किती तान्ही मुलं निघणार हे महिनाभर आधी कळतं. कारखान्याला गाळप परवाना देतानाच, प्रत्येक टोळीमागे फडापर्यंत जाणारी अंगणवाडी आणि आरोग्यसेविका असल्याशिवाय परवाना नाही, अशी अट घालता येते. मुकादमाच्या वहीइतकी पक्की यादी सरकारने त्या बायामुलांच्या पोषणासाठी ठेवली, तर गुन्ह्याच्या कारणांविषयीची आपली निम्मी चर्चा अनावश्यक ठरेल.